दोष गंधकाचा नव्हता

हे लिहिताना दर पंधरा-वीस ओळींनी मी थांबते, मान मागं टाकते आणि दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घालते. लेक म्हणाली, तू सांग, मी टाइप करते. मी नको म्हटलं. तीन वर्षं माझ्या डोळ्यांबद्दल सगळे दुसरेच बोलत होते, आता जरा मला बोलू दे.

आम्ही तासगावजवळच्या एका गावात राहतो. द्राक्षबाग आहे, बेदाण्याची शेड आहे. माझं माहेर सातारा जिल्ह्यात, कोरेगावच्या अंगाला. वय सत्तेचाळीस, शिक्षण बारावी. डॉक्टरकीतलं मला कळत नाही, आणि जे कळलं तेही इथं सांगत बसणार नाही. आजार खरा असून माणूस खोटा कसा ठरतो, तेवढंच सांगायचं आहे. मला बरं व्हायचं होतं, ते तर कुणालाही वाटतं. पण त्याच्या आधी मला खरं ठरायचं होतं, आणि सगळ्यात जास्त माझ्या आईपुढं.

कुसळ

ज्यांना बेदाणा फक्त खिरीत भेटतो त्यांच्यासाठी थोडं सांगते. थंडी सरली की द्राक्षं उतरतात. ती औषधाच्या पाण्यात बुडवून शेडमध्ये जाळ्यांवर पसरायची. पंधरा दिवसांत सुकत येतात. मग चारी बाजूंनी ताडपत्री बांधून आत गंधक जाळायचा. त्या धुरीनं मालाला पिवळा रंग येतो, आणि बाजारात रंगाला मान असतो. ताडपत्री सोडली की सगळ्यांचेच डोळे चुरचुरतात. तोंडावर पाणी मारायचं आणि कामाला लागायचं, अशी आमच्याकडची रीत.

नंतर माल निवडायला बायका बसतात. काडी काढायची, काळा मणी बाजूला करायचा. त्यांच्यावर देखरेख माझी. माझी नजर चांगली होती. धाकटे दीर, म्हणजे आमचे भाऊजी, शेडमधले भागीदार. ते पाहुण्यांना सांगायचे, वैनीच्या हाताखालच्या मालात काडी सापडली तर मिशी उतरवतो. मिशी अजून आहे.

हे सुरू झालं त्या हंगामात निवडताना डाव्या डोळ्यात कुसळ गेल्यासारखं वाटलं. पाण्यानं धुतलं, लेकीनं पदराच्या टोकानं बघितलं. काही नव्हतं. दोन दिवसांनी उजव्या डोळ्यातही तसंच. सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या, बोटानं ओलं करून सोडवाव्या लागायच्या. आणि दिवसभर पाणी गळायचं. गाडीवर मागं बसलं की पाणी, पंख्याखाली बसलं की पाणी. एका लग्नात तर नवरीची आई शांत उभी होती आणि मी अक्षतांच्या वेळी डोळे पुसत होते. माझं नवरीशी नातं काय, अशी चौकशी झाली.

तालुक्याच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी काही विचारायच्या आतच मी म्हटलं, आमची बेदाण्याची शेड आहे, गंधकानं होतंय. त्यांनी मान हलवली आणि लिहिलं, अ‍ॅलर्जी. आज मागं वळून बघताना हे कबूल केलं पाहिजे. माझ्या आजाराचं चुकीचं नाव मीच सांगितलं, त्यांनी फक्त खाली सही केली. शेडवाल्यांच्या घरातलं दुसरं कुणी गेलं असतं तरी त्यानं हेच सांगितलं असतं.

थेंबांनी दोन दिवसांत आराम पडला. मग काय, संपले की मेडिकलमधून तेच आणायचे. चिठ्ठी कुणी मागितली नाही, मी दाखवली नाही. असे आठ महिने गेले. पुढं सांगलीच्या एका डॉक्टरांनी डोळ्यांतला दाब मोजला आणि माझ्यावर चांगलेच चिडले. ते थेंब स्टेरॉइडचे होते. आणखी काही महिने घातले असते तर नजरेवर बेतलं असतं. त्यांनी ते बंद केले, दाब उतरला, आणि कुसळ दुपटीनं परत आलं.

लाल झालेला माल

आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, फार कमी बोलतात. बोलायचं ते करून दाखवतात. दुसऱ्या हंगामाच्या तोंडावर त्यांनी जाहीर केलं, यंदा धुरी द्यायची नाही. भाऊजी दोन दिवस हिशेब करत बसले, मग वैनीच्या डोळ्यापुढं काय, म्हणाले आणि तयार झाले. हे मी त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात ते एकटेच वाईट दिसतील.

गंधकाशिवाय माल निघाला तो तांबूस. चवीला तोच, पण व्यापाऱ्यानं तळहातावर घेतला, उन्हाकडं धरला आणि परत ताटात टाकला. सौद्यात आमच्या मालावर बोलीच लागेना. सगळ्यांच्या शेवटी, पडेल त्या दरानं तो गेला.

आणि माझे डोळे होते तसेच. शेडमध्ये गंधकाचा वास नाही, मी पापण्या मात्र तशाच बोटानं सोडवतेय. पाऊस सुरू झाला, हवेतली धूळ बसली, तरी तसंच. एक दिवस जेवताना भाऊजी माझ्याकडं न बघता मालकांना म्हणाले, "दादा, गंधक न्हाई, धूर न्हाई, तरी वैनीचं डोळं तसंच. आता काय द्राक्षंबी बंद करायची का?"

मालक काही बोलले नाहीत. त्यांच्या मनात काय होतं ते मी कधी विचारलं नाही. पण तेव्हा त्यांनी एक शब्द जरी काढला असता तर तो मला जन्मभर पुरला असता. दिवाळीनंतर शेडच्या मधोमध पत्रा लागला. अर्धी शेड भाऊजींची, अर्धी आमची. घर एकच राहिलं, पण जावेचं बोलणं मोजकं झालं. निवडायला येणाऱ्या बायकाही मला म्हणायच्या, काकी, तुम्ही बसा, तुमचं डोळं दुखतंय. त्यातलं काळजीचं किती आणि चेष्टेचं किती, ते कळायला लागलं होतं.

फाइल

या काळात मी किती डॉक्टर केले ते लेकीनं मोजलंय, मी मोजलं नाही. तासगाव, सांगली, सातारा. साताऱ्यात एकांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पिचकारीनं पाणी सोडलं, ते घशात उतरलं. नळी मोकळी आहे, काही झालेलं नाही, म्हणाले. लेक सोबत होती. तिनं मोबाइलवर कुठंतरी कोरड्या डोळ्यांबद्दल वाचलं होतं, ते तिनं भीत भीत विचारलं. डॉक्टर हसले. एवढं पाणी गळतंय आणि कोरडे कसे असतील, असं त्यांनी विचारलं. मलाही ते पटलं. बाहेर आल्यावर मीच लेकीला रागावले.

एकांनी चष्म्याचा नंबर बदलला. एकांनी वयाचं कारण सांगितलं. एकांनी विचारलं, घरात काही ताण आहे का? आहे म्हटलं. त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. ताण डोळ्यांमुळं आहे, डोळे ताणामुळं नाहीत, हे म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण नंबर पुकारला गेला आणि पुढचा पेशंट आत आला. फाइल जाड होत गेली. प्रत्येक नवा डॉक्टर ती फाइल हातात घेऊन वजन केल्यासारखी धरायचा आणि मग माझ्याकडं बघायचा. ते बघणं मला लवकरच ओळखीचं झालं.

आईचा रोज सकाळी फोन यायचा. तिच्याकडं रोज नवा उपाय. गुलाबपाणी, एरंडेल, निरशा दुधाची घडी. एकदा मध घालायला सांगितला. घातला, आणि अंगणात नाचले. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, झोंबला म्हंजी लागू पडला. मला हसू आलं. ते रोजचे फोन हाच माझ्या औषधातला सगळ्यात चांगला भाग होता.

तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात एक गोष्ट झाली. पाणी गळायचं थांबलं. कुसळ होतं, आग होती, उजेड सोसत नव्हता, पण गालावर पाणी नाही. मला वाटलं, उतार पडतोय. आईलाही तसंच सांगितलं.

तात्या

श्रावण संपता संपता सकाळी भावाचा फोन आला. तात्या गेले. माझे वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, ब्याऐंशी वर्षांचे. आजारी नव्हते. सकाळी चहा मागितला आणि चहा यायच्या आत गेले.

आमच्याकडं लेक आल्याशिवाय उचलत नाहीत. माझ्यासाठी सगळं गाव तीन तास थांबलं होतं. त्या दिवशी कडक ऊन पडलं होतं, गाडीच्या काचेतून येणारा उजेड सोसेना, म्हणून मी डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा लावला होता. गाडीतून उतरताना तो काढायचं माझ्या ध्यानात आलं नाही. चूक झाली ती एवढीच.

गल्लीच्या तोंडाशी आलं की लेकीनं हंबरडा फोडायचा आणि घरातल्या बायकांनी आतून साद द्यायची, ही रीत आहे. रीत म्हणून नव्हे, मला खरंच आवरलं नाही. तात्यांनी मला सायकल शिकवली होती, सासरी जाताना एसटीच्या मागं चालत फाट्यापर्यंत आले होते. मी ओरडले, छाती भरून आली, घसा बसला. आईच्या गळ्यात पडले. आणि डोळ्यांत चटणी गेल्यासारखी आग सुरू झाली. पाणी नाही.

आत्यानं, म्हणजे तात्यांच्या थोरल्या बहिणीनं, माझा चष्मा काढून घेतला. "बापाच्या मढ्यापुढं गॉगल घालून आलीस व्हय गं?" ती म्हणाली. सगळ्या बायकांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. डोळे लालबुंद होते, पण गाल कोरडे. मी पदर डोळ्यांना लावला तोही कोरडाच. मी पदराआड डोळे चोळून पाणी काढायचा प्रयत्न केला, हे लिहायला लाज वाटते, पण केला.

तेराव्यापर्यंत मी तिथंच होते. परड्यात भांडी घासताना बायकांचं बोलणं ऐकू आलं. लेकीच्या डोळ्यातनं टिपूस न्हाई. सून परकी, पण ती किती रडली. आई चुलीपुढं बसली होती, तिलाही ते ऐकू आलं होतं. तिनं मान वर केली नाही.

निघताना मी तिच्या पाया पडले. ती म्हणाली, "तात्यांचा जीव तुझ्यावर लय हुता. तुझा किती हुता ते बघितलं म्या." एवढं बोलून ती आत गेली. त्या दिवसापासून सकाळचा फोन बंद झाला. मी केला तर भावजय उचलायची, आई देवपूजेत हायती म्हणायची.

नंतरचे दोन महिने मी आजारापेक्षा या गोष्टीनं जास्त खंगले. मला माझाच संशय यायला लागला. न्हाणीघरात कडी लावून मी आरशासमोर उभी राहायची, तात्यांचं एकेक आठवायची आणि डोळ्यांकडं बघत राहायची. काही यायचं नाही. एखादं माणूस आतूनच सुकत असेल आणि त्याला कळत नसेल, असंही होत असेल, असं मला वाटू लागलं. भाऊजी बरोबर असतील, बायका बरोबर असतील, आईही बरोबर असेल.

कोरडी भाकरी

मिरजेला जायला मी तयार नव्हते. लेकीनं एका मैत्रिणीकडून तिथल्या एका डोळ्यांच्या दवाखान्याची माहिती काढली होती. हा शेवटचा, त्यानंतर तू म्हणशील तसं, असं ती म्हणाली. पहाटेची एसटी धरली.

मोठ्या दवाखान्याचं एक असतं. तिथं गेलं की आपल्या दुखण्याचा तोरा उतरतो. केसपेपर, मग नंबर, मग एका खोलीत अक्षरं वाचा, दुसऱ्या खोलीत हनुवटी टेकवा, मग बाकावर बसा. आमच्या बाकावर आटपाडीहून आलेल्या एक आजी होत्या, मोतीबिंदूच्या. दुपार झाली तेव्हा त्यांनी फडकं सोडलं आणि मला ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. नाही म्हणायची सोय नव्हती. मी एक घास घेतला आणि पाणी प्याले. दुसरा घास, पुन्हा पाणी. अर्ध्या भाकरीला बाटली संपली.

आजी बघत होत्या. "पाण्याबिगर घास उतरत न्हाई व्हय गं तुझा?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, दोन वर्षं झाली, मी कालवणात बुडवल्याशिवाय भाकरी खात नाही. घरात सगळे हसतात. आजी म्हणाल्या, डॉक्टरणीला सांग. मी म्हटलं, डोळ्यांच्या डॉक्टरला घशाचं काय सांगायचं? त्यावर त्या म्हणाल्या, "सांगायला काय पैसं पडत्यात?"

आजींचं नाव मी विचारलं नाही. त्यांचा नंबर आधी लागला आणि त्या गेल्या. पण माझ्या आजाराचं निदान कुणी केलं असं मला कुणी विचारलं तर मी आधी त्यांना धरते.

डॉक्टर तरुण होत्या, माझ्या भाचीच्या वयाच्या. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, हे नंतर बघू, तुम्ही सांगा. मी गंधकापासून सुरू केलं. त्या ऐकत होत्या, लिहीत होत्या. शेवटी ओशाळून मी भाकरीचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

मग प्रश्नांवर प्रश्न. दात किडलेत का? दोन वर्षांत तीन भरून घेतले होते. सकाळी बोटं आखडतात का? आखडतात, निवडणीचं काम म्हणून असेल. गाल कधी सुजले होते का? दोनदा. दात मी दातांच्या डॉक्टरला दाखवले होते, बोटांना मलम लावलं होतं, घशासाठी बाटली जवळ ठेवली होती. हे सगळं एकाच घरातलं भांडण असेल, असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

शेवटी त्यांनी विचारलं, "रडताना पाणी येतं का?"

तीन वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी तात्यांचं सांगितलं. सगळं, चष्म्यापासून आईच्या शेवटच्या वाक्यापर्यंत. त्या मधे बोलल्या नाहीत.

मग त्यांनी कागदाच्या दोन बारीक पट्ट्या घेतल्या, खालच्या पापणीत अडकवल्या आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसायला सांगितलं. पट्ट्या काढून त्यांनी मला हातात दिल्या. कागदावर बारीक रेघा होत्या. चांगल्या डोळ्यांत ओल कुठपर्यंत चढते ते त्यांनी बोटानं दाखवलं. माझा कागद जवळजवळ जसाच्या तसा होता.

"तुम्हाला रडू आलं नाही असं नाही," त्या म्हणाल्या. "डोळ्यांत पाणी तयारच होत नाहीये."

मी त्यांना ते पुन्हा एकदा म्हणायला सांगितलं. त्यांनी म्हटलं. मागं उभी असलेली लेक रडायला लागली. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि मी ते बघत राहिले.

गंधकाचं मी विचारलं. धुरीनं त्रास वाढतो, पण मूळ दोष गंधकाचा नव्हता. सुरुवातीला डोळा आतून खरवडला जात होता, म्हणून तो घाबरून पाणी ओतत होता. त्या पाण्यात कस नव्हता. पुढं तेही आटलं, आणि ज्याला मी उतार समजले तो आजार पुढं सरकला होता.

नाव

नंतर रक्त तपासलं, ओठाच्या आतला डाळीएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि पंधरा दिवस वाट बघायला लावली. त्या पंधरा दिवसांत लेकीचा मोबाइल मी कपाटात ठेवला होता. रिपोर्ट आल्यावर संधिवाताच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, शोग्रेन. संधिवाताच्या भावकीतला आजार. शरीर चुकून आपल्याच ओलाव्याच्या ग्रंथींवर उलटतं. मुळापासून जात नाही, पण गोळ्या आणि थेंबांनी आवरता येतो.

जन्मभराचा आजार ऐकून बाई हसते हे त्यांनी पहिल्यांदाच बघितलं असावं. मला खरंच आनंद झाला होता. कागदावर शिक्का होता, माझ्या बाजूनं. भीती तीन दिवसांनी आली, भांडी घासताना. हे आता कायमचं, थेंबांशिवाय एक दिवस नाही, आणखी काय काय सुकेल कुणास ठाऊक. भांडी तशीच टाकून मी ओट्याला टेकून बसले. मालक आले, शेजारी बसले आणि उरलेली भांडी त्यांनी घासली. पंचवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. काचेचा एक पेला फुटला.

भाऊजींना त्यांनीच सांगितलं. भाऊजींनी माफी वगैरे मागितली नाही, तो स्वभाव नाही. पण सौद्यासाठी सांगलीला गेले की येताना माझे थेंब आणतात, आणि पिशवी उंबऱ्यावर ठेवून वैनी अशी हाक मारतात. शेडमधला पत्रा अजून आहे. धुरी दोन्ही बाजूंना परत सुरू झाली, त्या आठवड्यात मी शेडकडं फिरकत नाही. निवडणी करते, पण ओला रुमाल जवळ ठेवून, अर्ध्या तासानं उठून.

माझ्यासारखं कुणी हे वाचत असेल तर दोन-चार गोष्टी. थेंबांची बाटली शेजारणीला बरं वाटलं म्हणून घालू नका आणि एकदा मिळालेली चिठ्ठी वर्षभर चालवू नका. डॉक्टरला आपलं कारण सांगू नका, त्रास सांगा. डोळ्यांचा असला तरी तोंडाचा, दातांचा, बोटांचाही सांगा. हसतील तर हसू देत. पाणी गळतं म्हणजे डोळा ओला, असं समजू नका. आणि घरात कुणी सारखं दुखतंय म्हणत असेल, तर ते खोटं आहे असं ठरवण्याआधी त्याला शेवटपर्यंत बोलू द्या. माझ्या बाबतीत हे एका डॉक्टरनं आणि भाकरी देणाऱ्या एका आजीनं केलं.

वर्षश्राद्ध

आईला मी फोनवर सांगितलं होतं. भावजयीला म्हटलं, फोन दे तिला, पूजा झाली की दे, मी थांबते. आई आली. मी आजाराचं नाव सांगितलं, कागदाच्या पट्ट्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "व्हय का. औषद घे मग." आणि फोन ठेवला. तिनं विश्वास ठेवला की नाही ते मला कळलं नाही.

तात्यांच्या वर्षश्राद्धाला मी फाइल घेऊन गेले. आता आईला फाइल दाखवायची काय, तिला अक्षर लागत नाही, आणि इंग्रजी तर भावालाही अर्धंच लागतं. पण हातात काहीतरी असावं असं वाटलं. आदल्या दिवसापासून भावकीतल्या बायका जमल्या होत्या. आत्याही होती. मी ओसरीवर भाजी निवडायला बसले, आई समोर तांदूळ पाखडत होती. बोलणं कामापुरतं चाललं होतं.

तास झाला तसे डोळे ओढायला लागले. मी भिंतीकडं तोंड करून बाटली काढली. लपवायचं काही नव्हतं, पण सवय लागली होती. थेंब घातले, पापण्या मिटल्या, आणि जास्तीचं औषध गालावर ओघळलं.

"आज बरं डोळं वलं झालं," आत्या म्हणाली. दोघी-तिघी हसल्या.

आईचं सूप थांबलं. तिनं मला विचारलं, दिवसातनं किती वेळा घालायचं हे? मी म्हटलं, तासातासाला. मग तिनं विचारलं, "तात्या गेले तवा घालत हुतीस?"

"तवा कुणाला ठावंच नव्हतं आई. मलाबी."

तिनं सूप खाली ठेवलं. मग आत्याकडं वळली. आत्या तिची नणंद, वयानं थोरली. आईनं उभ्या जन्मात तिला उलटून उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं.

"वन्सं, तिच्या डोळ्यात पाणीच हुत न्हाई. आजार हाय त्यो. लेक रडत हुती, मी आई असून मला दिसलं न्हाई. आता तुमी कुणी काय बोलू नगासा."

आई गुडघ्यावर हात टेकून उठली, माझ्याजवळ आली आणि हात पुढं केला. मी बाटली दिली. आत्ताच घातलेत, तासानं घालायचे, असं मी म्हणणार होते, पण म्हटलं नाही. तिनं माझी हनुवटी धरून मान वर केली. तिचा हात कापतो आता. पहिला थेंब नाकावर पडला. दुसरा गालावर. तिसरा डोळ्यात गेला, तशी मी पापणी मिटली.

"मिटू नको," आई म्हणाली. "दुसरा डोळा दे."